नूक, नुक्कड आणि कोनाडा



आपल्या या शब्दांच्या सदरासाठी जे फोन येतात, त्यातले निम्मे मुलांच्या गृहपाठातून निघालेले असतात. या वेळचा प्रश्न ड्युसेलडॉर्फच्या एका वाचक भगिनींचा. त्यांची मुलगी नववीत आहे. इंग्रजीच्या धड्यात तिला ‘नूक’ हा शब्द भेटला. अर्थ दिला होता : घरातला किंवा बागेतला आडबाजूचा, शांत, निवांत कोपरा. मुलगी आईला म्हणाली, “आई, हा आपल्या नुक्कडवरूनच आलाय ना?” आईला ते पटलंही आणि शंकाही आली. म्हणून त्यांनी फोन केला. एरवी आढ्याचं पाणी वळचणीला जातं, इथं वळचणीनं आढ्याला प्रश्न विचारला. अशा मुलांचं कौतुकच करायला हवं.

तर आधी नूक. इंग्रजीत हा शब्द साधारण इसवी सन १३०० पासून सापडतो. सुरुवातीचा अर्थ नुसता ‘कोपरा’ : चौकोनी वस्तूचा, शेताचा, जमिनीच्या तुकड्याचा. स्कॉटलंडमध्ये तो ‘न्यूक’ होतो. एडिंबरोच्या समोरच्या किनाऱ्यावर, फाइफ परगण्याच्या पूर्व टोकाला ‘ईस्ट न्यूक’ म्हणतात, कारण जमीन तिथं कोपरासारखी समुद्रात घुसली आहे. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकात एक फ्रेंच सरदार इंग्लंडच्या बेटाला नाक मुरडतो, तेव्हा ‘कानाकोपऱ्यांनी भरलेलं’ अशा अर्थाचं विशेषण वापरतो, त्यातही हाच नूक आहे. पुढं हळूहळू त्याला निवांतपणाचा अर्थ चिकटला. शेकोटीजवळची बसायची जागा, जिन्याखालची पुस्तकांची जागा, स्वयंपाकघरातली न्याहारीची जागा हे सगळे आता नूक.

पण तो आला कुठून? याचं खात्रीचं उत्तर इंग्रजी कोशकारांकडेही नाही. उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. नॉर्वेच्या बोलींत वाकलेल्या, आकड्यासारख्या वस्तूला मिळताजुळता शब्द आहे. त्यापलीकडे वाट धूसर होते.

आता नुक्कड. आपल्यापैकी जी मंडळी १९८६ च्या सुमारास भारतात होती, त्यांना दूरदर्शनवरची ‘नुक्कड’ ही मालिका आठवत असेल. गल्लीच्या तोंडाशी जमणारी सामान्य माणसं, चहा, गप्पा, भांडणं. हिंदी कोशकार नुक्कडचा संबंध ‘नोक’ या शब्दाशी जोडतात. नोक हा फारसी शब्द. अर्थ टोक किंवा चोच. मराठीत तो नोक आणि नोकदार यांत आहेच. म्हणजे नुक्कड हे गल्लीचं टोक झालं, जिथं ती मोठ्या रस्त्याला मिळते.

अर्थांकडे नीट पाहिलं तर दोघांत मोठा फरक दिसतो. नूकमध्ये माणूस जातो तो कुणी पाहू नये म्हणून, आणि नुक्कडवर जातो तो चार माणसं भेटावीत म्हणून. पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे, दोन शहरांच्या मैत्रीची खूण. तिथं जाऊन कुणी ‘एकांत मिळाला’ म्हणणार नाही. त्याच ब्रेमेनमध्ये श्नोअर नावाचा जुना भाग आहे. हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतील इतके अरुंद बोळ आणि खेळण्यातल्यासारखी घरं. ती जागा नूकची. चौक आणि बोळ यांच्यात जितकं अंतर आहे, तितकंच नुक्कड आणि नूक यांच्यात आहे. तेव्हा त्या मुलीला सांगायला हवं की, बाळ, चेहरा मिळतो पण नातं नाही.

मग नातं ओळखायचं कसं? गंमत अशी की याचं शास्त्र उभं राहिलं ते मुख्यतः जर्मनीतच, आणि संस्कृतच्या आधारानं. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सांगितलं. मायन्झमध्ये जन्मलेल्या फ्रान्झ बोप्पनं १८१६ मध्ये संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन रूपांशेजारी मांडून ते पद्धतशीर दाखवलं. आणि याकोब ग्रिमनं, म्हणजे आपली मुलं ज्यांच्या गोष्टी ऐकत झोपतात त्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्यानं, १८२२ मध्ये ध्वनी बदलण्याचे नियम सांगितले.

नियमाची चव घ्यायची तर एकच उदाहरण पुरे. संस्कृतमध्ये जिथं श असतो तिथं लॅटिनमध्ये बहुधा क येतो आणि जर्मनमध्ये ह. आपलं ‘शत’, लॅटिन ‘केंतुम’, जर्मन ‘हुंडर्ट’. आपला ‘श्वान’, लॅटिन ‘कानिस’, जर्मन ‘हुंड’. आपलं ‘शृंग’, लॅटिन ‘कोर्नू’, जर्मन ‘होर्न’. एका शब्दात जुळलं तर योगायोग म्हणता येईल. पण दहा शब्दांत एकाच रीतीनं जुळलं, तर ते रक्ताचं नातं.

आणि हा शेवटचा शब्द आपल्या विषयाचाच आहे. लॅटिन ‘कोर्नू’, म्हणजे शिंग, यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘कॉर्नर’ आला. कोपरा म्हणजे पुढं आलेलं टोक, शिंगासारखं. म्हणजे ज्या शब्दाशी नातं असेल असं स्वप्नातही वाटलं नसतं, तो कॉर्नर आपल्या शिंगाचा चुलत भाऊ निघाला, आणि सख्ख्या भावासारखा दिसणारा नूक परका.

याहून सुंदर उदाहरण मुलांच्या भूमितीच्या वहीत आहे. जर्मन शाळेत चौकोनी आकृतीला ‘फीअरएक’ म्हणतात. फीअर म्हणजे चार, एक्के म्हणजे कोपरा. आपला शब्द ‘चौरस’. हा चौरस संस्कृत ‘चतुरश्र’ वरून आला : चतुर् म्हणजे चार, आणि ‘अश्रि’ म्हणजे धार, कड, कोपरा. आता हे पाहा. फीअर आणि चतुर् एकाच मुळाचे. एक्के आणि अश्रि हेही एकाच मुळाचे, ‘टोकदार, धारदार’ अशा अर्थाचे. इंग्रजी ‘एज’ त्याच घरातला. म्हणजे फीअरएक आणि चौरस हे दोन्ही बाजूंनी नातलग आहेत, आई आणि वडील दोन्हीकडून! कानाला मात्र एकही अक्षर सारखं लागत नाही. मुलगा शाळेत फीअरएक काढतो आणि आजी फोनवर त्याला “चौरस काढ” म्हणते, तेव्हा दोघं नकळत एकच शब्द बोलत असतात.

दिसण्यावर जाऊ नये याचा आणखी एक नमुना आपल्या मराठीतच आहे. ‘कोपरा’ या शब्दात ‘कोप’ दिसतो. रुसलेलं मूल कोपऱ्यात जाऊन बसतं. कैकेयी तर रुसून क्रोधागारात जाऊन पडली, त्यालाच आपण कोपभवन म्हणतो. म्हणून कोप करून बसायची जागा ती कोपरा, असं कुणी ठोकून दिलं तर पटकन खरं वाटेल. पण तसं नाही. कोपऱ्याचं नातं आहे ‘कोपर’शी, हाताच्या कोपराशी. संस्कृत ‘कूर्पर’ हे त्याचं मूळ. हात जिथं वाकतो ते कोपर, भिंत जिथं वाकते तो कोपरा. ग्रीकांनाही हेच सुचलं, फक्त त्यांनी हाताऐवजी पाय घेतला. ग्रीक ‘गोनिया’ म्हणजे कोपरा, आणि ‘गोनी’ म्हणजे गुडघा. या गोनीचे भाऊ म्हणजे संस्कृत ‘जानु’ आणि जर्मन ‘क्नी’. ज्योतिषातला आपला ‘त्रिकोण’ हा शब्द ग्रीक ‘त्रिगोनोन’ वरून संस्कृतात आला, असं अभ्यासक मानतात. ‘केंद्र’ आणि ‘होरा’ हे शब्द त्याच वाटेनं आले. म्हणजे ड्रायएक शिकणाऱ्या मुलाला त्रिकोण शिकवताना आपण त्याला एका दृष्टीनं ग्रीक गुडघेच शिकवत असतो.

रुसण्याचा विषय निघालाच आहे, तर जर्मन भाषेत त्याचीही सोय आहे. ‘श्मोलविंकल’, म्हणजे रुसून बसायचा कोपरा. श्मोलन म्हणजे फुगणं, रुसणं. फ्रेंच लोकांनी तर या कामासाठी बायकांना वेगळी खोलीच दिली. ‘बुद्वार’ हा शब्द ‘रुसणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. अयोध्येपासून पॅरिसपर्यंत माणसाचा स्वभाव सारखाच.

विंकल हा जर्मनचा खास आवडता शब्द. त्याचा मूळ अर्थ वाकण, बाक. भूमितीतला कोनही विंकलच. बव्हेरियात किंवा टिरोलमध्ये जुन्या शेतकरी घरात जेवायला बसलात, तर जेवणाच्या टेबलावर, दोन भिंती मिळतात तिथं उंचावर क्रूस लावलेला दिसेल. बाजूला वाळलेली फुलं. त्याला ‘हेरगॉट्सविंकल’ म्हणतात, देवाचा कोपरा. आपल्या देवघराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ‘श्लुप्फविंकल’ म्हणजे दडून बसायची जागा. आणि ‘विंकलआडव्होकाट’ म्हणजे कोपऱ्यात दुकान मांडून बसलेला, लबाड आणि बिनभरवशाचा वकील. शेजारच्या हॉलंडमध्ये तर ‘विंकल’चा अर्थच दुकान असा झाला आहे. मराठीतही कोपऱ्याला देवपण आहे आणि संशयही आहे. देवघर ईशान्येच्या कोपऱ्यात, आणि कुजबुजही कोपऱ्यातच.

पण नूकला खरा जोडीदार म्हणून मी जर्मनमधला ‘निशे’ हा शब्द निवडीन. इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये तोच ‘नीश’. भिंतीत केलेली खोबण, आपला कोनाडा. त्याच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक मत इटालियन भाषेतल्या शिंपल्याकडे बोट दाखवतं, कारण मूर्ती ठेवायच्या खोबणी वरून शिंपल्याच्या आकाराच्या असत. दुसरं मत लॅटिन ‘नीदुस’कडे जातं, म्हणजे घरटं. हे दुसरं मत धरलं तर आपली लॉटरीच लागते. कारण लॅटिन नीदुस, जर्मन आणि इंग्रजी ‘नेस्ट’ आणि संस्कृत ‘नीड’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, याबद्दल मात्र वाद नाही. ‘नि’ म्हणजे खाली आणि ‘सद्’ म्हणजे बसणं. जिथं खाली बसायला मिळतं ते नीड. इतकी साधी व्याख्या आहे घराची.

या निशेला जर्मनीच्या इतिहासात एक फार वेगळा अर्थ मिळाला. गुंटर गाउस नावाचे पत्रकार १९७४ ते १९८१ या काळात पूर्व बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीचे कायम प्रतिनिधी होते. १९८३ मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकात पूर्व जर्मनीला ‘निशेनगेझेलशाफ्ट’ म्हटलं. शब्दशः अर्थ घेतला तर कोनाड्यांचा समाज. बाहेर पक्षाची भाषा बोलायची, झेंडे लावायचे, आणि संध्याकाळी आपल्या कोनाड्यात शिरायचं : चार विश्वासू मित्र, स्वयंपाकघरातलं टेबल, शहराबाहेरची छोटीशी बाग. तिथं माणूस आपल्या खऱ्या आवाजात बोलायचा. आपल्यापैकी लाइपझिग, ड्रेस्डेन किंवा येना इथं राहणाऱ्यांनी शेजारच्या वयस्कर मंडळींना विचारून पाहावं. अनेकांकडे अशा आठवणी असतात. कोपरा ही केवळ सामान ठेवायची जागा नसते, एवढं त्यावरून कळतं.

छोट्या बागेवरून आठवलं. ‘क्लाइनगार्टन’ आपल्याकडच्याही काही कुटुंबांनी घेतले आहेत, आणि उन्हाळ्यात तिथली मेथी आणि कोथिंबीर मंडळाच्या कार्यक्रमात हातोहात जाते. १९८३ च्या कायद्यानं बागेला साधारण ४०० चौरस मीटरची मर्यादा आहे आणि आतल्या झोपडीला, पुढच्या छपरासकट, २४ चौरस मीटरची. कायम राहायला जायचं नाही. त्या झोपडीला म्हणतात ‘लाउबे’. हा शब्द जुन्या जर्मन बोलीतून लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून जगभर फिरला. त्याचीच रूपं म्हणजे नाट्यगृहातली ‘लोझं’, इटालियन ‘लोजिया’, इंग्रजी ‘लॉज’ आणि ‘लॉबी’. म्हणजे एसटी स्टँडसमोरचं ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ आणि इथल्या आजोबांची टोमॅटोशेजारची लाउबे हे नातलग आहेत. एक साधा आडोसा, तो फिरत फिरत संसदेच्या लॉबीपर्यंत पोहोचला!

असाच दुसरा प्रवासी म्हणजे ‘आल्कोव्हेन’. अरबीत ‘अल् कुब्बा’ म्हणजे घुमट, घुमटाकार खोली. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये आला आणि ‘आल्कोबा’ झाला, फ्रान्समध्ये ‘आल्कोव्ह’ आणि जर्मनीत ‘आल्कोव्हेन’. उत्तर जर्मनीतल्या जुन्या शेतकरी घरांत भिंतीतच कपाटासारखं बिछान्याचं खण असे. रात्री आत शिरायचं आणि दार किंवा पडदा ओढून घ्यायचा, म्हणजे थंडी बाहेर. हेच आल्कोव्हेन. अशी घरं आता संग्रहालयात पाहायची. मग हा शब्दही संग्रहालयात गेला का? नाही. सुट्टीत महामार्गावर ज्या मोठ्या निवासी मोटारी दिसतात, त्यांत ड्रायव्हरच्या डोक्यावर कपाळासारखा पुढं आलेला बिछान्याचा भाग असतो. मुलं तिथं झोपण्यासाठी भांडतात. त्याला जर्मन लोक आल्कोव्हेन म्हणतात. घर गेलं, भिंत गेली, पण शब्दानं नवा कोपरा शोधला आणि तो जगला.

मला आजच्या सदरात खरं सांगायचं आहे ते हेच. आपल्या मराठीत कोपऱ्यांच्या शब्दांची केवढी संपत्ती आहे, ती एकदा मोजून पाहा. कोनाडा, देवळी, फडताळ, बळद, माळा, पोटमाळा, माजघर, ओटी, पडवी, ओसरी, परस, वळचण, सांदी, सापट, कपार, खबदाड, बोळ, आडोसा. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कोनाड्यात वस्तू ठेवायची आणि देवळीत पणती. देवळी म्हणजे लहानसं देऊळच. देवकुलाचं देऊळ झालं, देवळाची देवळी. सांदी म्हणजे संधी, दोन गोष्टी जोडल्या जातात तिथली फट. माजघर म्हणजे मध्यगृह, आणि त्यातलं ‘मध्य’ म्हणजे जर्मन ‘मिटे’च. बळद म्हणजे भिंतीच्या पोटातली धान्य साठवायची जागा. वळचण म्हणजे छपराची बाहेर आलेली कड आणि तिच्याखालचा, पागोळ्या गळतात तिथला आसरा.

हे शब्द पुस्तकी नव्हते. माझ्या आजोळी “माजघरातल्या फडताळातून गूळ आण” या एका वाक्यात घराचा नकाशा असे. चार वर्षांच्या पोराला तो समजत असे, कारण तो त्या अंधारात जाऊन गूळ घेऊन येत असे, आणि येताना थोडा तोंडात टाकत असे.

आज पुण्याच्या पेठांतले वाडे आणि मुंबईच्या चाळी पाडून तिथं इमारती उभ्या राहत आहेत. नव्या सदनिकेत हॉल, किचन, बेडरूम आणि बाल्कनी. राहणाऱ्यांची सोय झाली, यात शंका नाही. वाड्यातला सामाईक नळ आणि चाळीतला सामाईक संडास यांबद्दल कुणी गळा काढू नये. पण ज्या भिंतीत कोनाडा नाही तिथं कोनाडा हा शब्द तरी कुणी कशाला उच्चारील? तिकडे ही गत, तर इथं जर्मनीत आपल्या मुलांची काय असेल! त्यांच्या मराठीत या सगळ्यांसाठी एकच शब्द उरतो : कोपरा. तोही “कॉर्नरमध्ये ठेव” या वाक्यानं हळूहळू ढकलला जातो.

जर्मनांनी काय केलं ते पाहा. बर्लिनच्या जुन्या इमारतींत पुढचं घर आणि बाजूची पाख जिथं मिळतात, तिथं एक मोठी खोली असते. खिडकी एकच, तीही अंगणाच्या कोपऱ्याकडची. उजेड बेताचा. पलीकडे जायचं तर हिच्यातूनच जावं लागतं. तिला ‘बर्लिनर त्सिमर’ म्हणतात. १८९३ मध्ये फ्रीडरिष एंगेल्स बर्लिनला आले, तेव्हा त्यांनी एका पत्रात या अंधाऱ्या खोलीची चांगलीच टर उडवली होती. आपण तिला काय म्हणू? माजघर! अगदी लक्षणांसकट. त्याच घरांत स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या वर अर्ध्या उंचीवर लाकडी फळ्या टाकून जागा काढलेली असते, ‘हेंगेबोडन’. पूर्वी तिथं मोलकरणीला झोपावं लागे, आता सामान ठेवतात. हा आपला पोटमाळा. ही घरं टिकली, म्हणून शब्द टिकले, आणि आजही भाड्याच्या जाहिरातीत ते अभिमानानं छापले जातात.

आपल्याला इथं वाडा बांधता येणार नाही. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी माणूस दहा वेळा विचार करतो, कोनाडा कुठून खोदणार! पण आल्कोव्हेननं केलं ते आपल्याला करता येईल. शब्दाला नवी जागा द्यायची. मराठीला ही सवय आहेच. वळचण पाहा. कौलारू घरं कमी झाली, पागोळ्याखाली उभं राहायची वेळ येत नाही, पण ‘सत्तेच्या वळचणीला गेले’ असं मराठी वर्तमानपत्रं लिहीत असतात. राजकारणी मंडळींनी निदान एवढी भाषासेवा केली आहे.

तेव्हा आपापल्या घरात एक फेरी मारा. जुन्या घराच्या जाड भिंतीतली ती खोल खिडकी, जिच्या कट्ट्यावर आपण तुळशीची कुंडी हिवाळाभर जपतो, तिला कोनाडा म्हणायला काय हरकत आहे? पुस्तकांच्या फळ्यांतला देवांचा एक चौकोन, त्याला देवळी म्हणा. दारं असलेलं भिंतीतलं कपाट म्हणजे फडताळ. गाद्या आणि सूटकेसी कोंबलेली छताखालची जागा म्हणजे पोटमाळा. तळघरातल्या जाळीच्या खणात तांदळाची पोती ठेवतो, ते बळद. बाल्टिक किंवा उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर गेलात आणि वेताच्या ‘श्ट्रांडकोर्ब’मध्ये बसलात, तर मुलांना सांगा की हा आडोसा. १८८२ मध्ये रोस्टोकच्या विल्हेल्म बार्टेलमान या टोपल्या विणणाऱ्यानं संधिवात झालेल्या एका बाईंसाठी तो पहिल्यांदा बनवला. बाईंना समुद्र हवा होता आणि वारा नको होता. आडोसा या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला सुचत नाही.

मुलांना शब्दांची यादी पाठ करायला लावू नका. त्यानं काही होत नाही. “फडताळातून गूळ आण” एवढंच म्हणा, आणि खरोखर तिथं गूळ ठेवा. एक-दोन वेळा पोर फ्रिजकडे जाईल. तिसऱ्यांदा फडताळाकडे जाईल. शब्द तिथं राहायला आला असं समजा.

आणि ड्युसेलडॉर्फच्या त्या मुलीला माझं उत्तर : नूक आणि नुक्कड भाऊ नाहीत, पण तू दोन भाषांत कान ठेवून होतीस म्हणूनच हा प्रश्न तुला पडला. एकच भाषा जाणणाऱ्याला तो पडला नसता. आता शाळेतल्या मैत्रिणींना फीअरएक आणि चौरस यांचं नातं सांग, आणि घरात तुझी जी वाचायची जागा असेल, तिला एक मराठी नाव दे.

मंडळी, आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या आजोळच्या किंवा गावच्या घरातल्या कोपऱ्यांचे जे शब्द आठवत असतील, ते मंडळाच्या पत्त्यावर कळवा. कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड, गोवा, बेळगाव, सगळीकडचे चालतील. शब्दाबरोबर त्या जागेत काय ठेवत, कोण बसत असे, हेही दोन ओळीत लिहा. आणि हे एकट्यानं आठवू नका. भारतात फोन लावा आणि आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारा. त्यांना हा प्रश्न फार दिवसांत कुणी विचारला नसेल. पाच मिनिटांसाठी केलेला फोन तासभर चालेल, याची खात्री बाळगा. आलेले शब्द पुढच्या अंकात छापू.

तोपर्यंत नमस्कार!